तार ज्याची, दर त्याचा

२००५च्या सुमारास जोहान्सबर्गमधल्या एखाद्या कुटुंबाने घरी ब्रॉडबँड घ्यायचे ठरवले, तर त्यांना तीन वेगवेगळे पैसे मोजावे लागत. पहिले टेलिफोनच्या तारेचे भाडे. फोनवर कोणी बोलो वा न बोलो, ते भरायचेच, कारण फोन नाही तर एडीएसएल, म्हणजे त्या तारेवरचे ब्रॉडबँड, नाही. दुसरे, त्याच तारेवर एडीएसएल चालू ठेवण्याचे भाडे. तिसरे प्रत्यक्ष डेटाचे, आणि तोही मापून मिळे. सुरुवातीच्या घरगुती योजनेत महिन्याला ३ जीबी. ती संपली की वर पैसे टाकून आणखी विकत घ्या.

पहिली दोन्ही भाडी दक्षिण आफ्रिकेच्या टेलिफोन कंपनीच्या, टेल्कॉमच्या, तिजोरीत जात. डेटा विकणाऱ्या खासगी कंपन्या बऱ्याच होत्या, म्हणजे निदान तिथे तरी निवड होती असे वाटेल. पण ग्राहकाचा डेटा टेल्कॉमच्या एक्स्चेंजमधून या कंपन्यांच्या यंत्रांपर्यंत पोचवायला 'आयपी कनेक्ट' ही घाऊक सेवा लागे, आणि ती विकणारी टेल्कॉमच. शिवाय टेल्कॉमचा स्वतःचा किरकोळ धंदा होताच. ज्याच्याकडून माल घ्यायचा त्याच्याशीच गिऱ्हाइकासाठी भांडायचे, अशी त्या कंपन्यांची अवस्था.

ही मक्तेदारी आपोआप वाढली नाही, ती विकली गेली. टपाल खात्यातून १९९१मध्ये वेगळ्या झालेल्या टेल्कॉमचा ३० टक्के हिस्सा सरकारने १९९७मध्ये थिंटाना या गटाला दिला. त्यात अमेरिकेची एसबीसी आणि टेलिकॉम मलेशिया या कंपन्या होत्या, आणि किंमत होती १२६ कोटी डॉलर. सोबत पाच वर्षे स्थिर टेलिफोन सेवेचा एकाधिकार मिळाला. एवढा पैसा येतो तेव्हा गुंतवणूकदार तारा विकत घेत नसतो, स्पर्धक नसण्याची हमी विकत घेत असतो. बदल्यात अट अशी की २७-२८ लाख नव्या जोडण्या द्यायच्या, त्याही प्रामुख्याने वर्णभेदाच्या राजवटीत फोन न पोचलेल्या वस्त्यांत.

जोडण्या दिल्या गेल्या. पण त्याच काळात आंतरराष्ट्रीय कॉल स्वस्त करून तारेचे भाडे आणि स्थानिक कॉल महाग करण्यात आले. नव्याने फोन आलेल्या गरीब घरांना नेमके हेच दोन खर्च होते. २०००च्या सुमारास चालू जोडण्या ५५ लाखांच्या जवळ पोचल्या आणि पुढच्या काही वर्षांत ५० लाखांच्या खाली घसरल्या. बिल न भरल्याने लाखो तारा बंद पडल्या. सरकार धोरण ठरवणारे, आणि टेल्कॉमचे मोठे भागधारकही तेच. कुंपणच शेत खाते म्हणतात, ते हे.

एकाधिकार मे २००२मध्ये संपला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एडीएसएल आले. दुसरा ऑपरेटर मात्र आला नाही. त्याला परवाना मिळाला डिसेंबर २००५मध्ये आणि 'निओटेल' नावाने तो बाजारात उतरला ऑगस्ट २००६मध्ये. कागदावरची मक्तेदारी गेली तरी प्रत्यक्षातली चार वर्षे जास्त चालली.

या निओटेलमध्ये २६ टक्के भाग होता मुंबईच्या फोर्टमधल्या विदेश संचार निगमचा. भारतात १५ ऑगस्ट १९९५ला सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आणणारी, आणि परदेशी कॉलवर मार्च २००२पर्यंत एकाधिकार भोगलेली हीच ती व्हीएसएनएल. २००२मध्ये ती टाटांकडे गेली. घरी जो मक्तेदार होता, तो परदेशात मक्तेदारी मोडायला उतरला! पुढे टाटा कम्युनिकेशन्स या नावाने तिने निओटेलमधला वाटा निम्म्याच्या वर नेला, पण घराघरांत तार नेणे निओटेललाही परवडले नाही. ती घरगुती ग्राहकांना बिनतारी जोडण्याच देत राहिली. २०१७मध्ये निओटेल लिक्विड टेलिकॉमच्या ताब्यात गेली.

निओटेलचा खरा उपयोग समुद्रकिनारी झाला. तोवर दक्षिण आफ्रिकेचा बहुतेक परदेशी डेटा सॅट-३ आणि सेफ या जोड केबलमधून जाई. ही केबल मेल्कबॉसस्ट्रँड आणि म्टुंझिनी येथे किनाऱ्याला लागे, आणि दोन्ही दारांवर टेल्कॉम बसलेली. खासगी भांडवलाची सीकॉम केबल निओटेलच्या साहाय्याने म्टुंझिनीलाच उतरली आणि २३ जुलै २००९ला सुरू झाली. तिचे एक टोक मुंबईत आहे.

त्यानंतर जे घडले ते या साऱ्या प्रकरणातले सर्वांत बोलके. मार्च २०१०मध्ये, म्हणजे आठ महिन्यांत, एमवेब या डेटा विकणाऱ्या कंपनीने घरगुती ग्राहकांसाठी अमर्याद एडीएसएल बाजारात आणले आणि डेटाचे माप सुटू लागले. तारेचे भाडे मात्र होते तिथेच. जिथे दुसरा विक्रेता आला तिथला दर पडला, जिथे आला नाही तिथला हलला नाही. तंत्रज्ञान तेच, घर तेच.

मधल्या सप्टेंबर २००९मधली विन्स्टन कबुतराची शर्यत अनेकांना आठवत असेल. डर्बनजवळच्या एका कंपनीने ४ जीबीचे कार्ड पायाला बांधून त्याला हॉविकहून हिलक्रेस्टला, सुमारे ८० किलोमीटर, उडवले. उड्डाण आणि कार्डवरचा डेटा उतरवणे मिळून दोन तास सात मिनिटे लागली. तेवढ्यात एडीएसएलवरून ४ टक्के डेटा गेला होता. जग हसले. खरे तर ही शर्यत थोडी अन्यायाची होती, कारण एडीएसएलमध्ये डेटा वर पाठवण्याचा वेग मुळातच कमी ठेवलेला असतो. पण चिडलेल्या ग्राहकाकडून एवढ्या बारकाव्याची अपेक्षा कशाला करावी?

न्यायही मिळाला, आपल्या गतीने. मूल्यवर्धित नेटवर्क सेवा देणाऱ्या कंपन्यांच्या संघटनेने २००२मध्ये केलेल्या तक्रारीवर स्पर्धा न्यायाधिकरणाने ऑगस्ट २०१२मध्ये निकाल दिला आणि टेल्कॉमला ४४ कोटी ९० लाख रँडचा दंड ठोठावला. बैल गेला नि झोपा केला. पुढच्याच वर्षी दुसऱ्या प्रकरणात २० कोटी रँडवर तडजोड झाली. तिच्यात घाऊक आणि किरकोळ धंदे वेगळे राखण्याचे आणि दर उतरवण्याचे बंधन होते. माझ्या मते दंडापेक्षा हे बंधन मोलाचे. टेल्कॉमच्या तारा इतरांना वापरू देण्यासाठी मंत्र्यांनी घातलेली नोव्हेंबर २०११ची मुदत मात्र नुसतीच उलटून गेली. आपल्याकडेही ट्रायने २००४मध्ये तांब्याच्या तारा खुल्या करण्याची शिफारस केली होती, आणि त्याच वर्षीच्या ब्रॉडबँड धोरणाने ती बाजूला ठेवली.

कोंडी फोडली ती आल्टेक कंपनीच्या खटल्यातल्या ऑगस्ट २००८च्या निकालाने. लहान कंपन्यांनाही स्वतःचे जाळे टाकता येईल, असे उच्च न्यायालयाने सांगितले. त्या मोकळिकीत २०१४मध्ये जोहान्सबर्गच्या पार्कहर्स्ट वस्तीतल्या रहिवासी संघाने फायबरसाठी स्वतःच प्रस्ताव मागवले. काम मिळाले नवख्या व्हुमाटेलला. तिने तार टाकायची, त्यावर सेवा मात्र अनेक कंपन्यांनी विकायची, अशी रचना ठरली. टेल्कॉमनेही २०१५मध्ये आपले घाऊक जाळे 'ओपनसर्व्ह' या नावाने वेगळे केले. पुढे त्याच व्हुमाटेलच्या मालक कंपनीत बलाढ्य व्होडाकॉमला हिस्सा हवा झाला, तेव्हा ऑक्टोबर २०२४मध्ये न्यायाधिकरणाने नकार दिला आणि २०२५मध्ये अपिलात परवानगी मिळाली. मक्तेदारी तांब्यातून फायबरमध्ये जायला पंचवीस वर्षेही लागत नाहीत.

आपल्याकडेही हेच छोट्या प्रमाणावर घडते: पुण्या-मुंबईच्या गृहनिर्माण संस्थांमध्ये एकाच कंपनीला वा केबलवाल्याला जिना आणि डक्ट देऊन टाकण्याची रीत आहे. पुढच्या सर्वसाधारण सभेत असा करार मंजुरीला आला, तर सही करण्याआधी सचिवांना एवढे विचारा: या डक्टमधून उद्या दुसऱ्याला तार टाकता येईल का? उत्तर 'नाही' असेल, तर पहिल्या वर्षीच्या सवलतीच्या दराकडे पाहू नका.