मेंढरांचा राखणदार कुत्रा : त्याची परंपरा व स्वभाव

कपाशीची शेवटची वेचणी होऊन शेतें मोकळीं झालीं म्हणजे आमच्या तेल्हारा भागांत धनगरांचे कळप उतरूं लागतात. शेतांत मेंढ्या बसविल्यानें जमिनीस जें खत मिळतें, त्याचें मोल आमच्या वाचकांस सांगणें नलगे. परंतु कळपाबरोबर जे दोनचार कुत्रे येतात, त्यांजविषयीं शेतकरीवर्गांत दोन परस्परविरुद्ध समजुती आढळतात. कोणी म्हणतो, हे कुत्रे उगाच अंगावर येतात, त्यांस हांकलून द्यावें. कोणी म्हणतो, कुत्रा मोठा पाणीदार आहे, याचें एखादें पिलूं मागून नेलें म्हणजे आपल्या बकऱ्यांची चिंता मिटली. दोन्ही समजुती अपुऱ्या आहेत. दुसरीपायीं आम्हीं स्वतः नुकसान सोसलें आहे, म्हणून हा विषय वाचकांपुढें मांडीत आहों.

महसूल खात्यांतील नोकरींतून मोकळे झाल्यावर आम्हीं शेतावर 11 बकऱ्या पाळल्या. सातपुडा जवळ, बिबट व लांडगा यांचें भय. म्हणून एका धनगराकडून दीड महिन्याचें पिलूं आणिलें. तें आमच्या ओसरीवर, मुलांच्या संगतींत, दूधभाकरीवर वाढलें. वर्षाचें झाल्यावर त्यास शेतावर गोठ्यापाशीं ठेविलें. पहिल्या दोन्ही रात्रीं तो घरीं परत आला. तिसऱ्या रात्रीं लांडगे आले व तीन बकऱ्या गेल्या. सकाळीं पाहतों तों कुत्रा आमच्या उंबऱ्यापाशीं शेपूट हालवीत बसलेला! रागाच्या भरांत आम्हीं त्यास काठीनें मारिलें, हें आज लिहितांना लाज वाटते. पुढील हंगामांत तोच धनगर आला, तेव्हां त्यास गाऱ्हाणें सांगितलें. तो म्हणाला, "मालक, कुत्र्याचं काय चुकलं? त्यानं ज्याइले आपलं मानलं, त्याइचीच राखण केली."

हें बोलणें त्या वेळीं आम्हांस उडवाउडवीचें वाटलें. पुढें या विषयावर जें वाचनांत आलें, त्यावरून तें अक्षरशः खरें ठरलें.

कुत्रा व जनावरें यांचा संबंध फार जुना आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडळांत पणींनीं लपविलेल्या गाईंचा शोध घेत जाणारी सरमा ही इंद्राची कुत्रीच होय. आपल्या खंडोबाबरोबरही कुत्रा असतोच. रोमन ग्रंथकार वॅरो यानें इ. स. पूर्वी 37 च्या सुमारास शेतीवर ग्रंथ लिहिला, त्यांत एक गोष्ट आहे. एका गृहस्थानें दूरच्या मुलुखांतून मेंढ्यांचे कळप व त्यांबरोबरचे कुत्रे विकत घेतले. जुने मेंढपाळ कळप पोंचवून घरीं परतले. थोड्याच दिवसांत कुत्रेही, कित्येक दिवसांची वाट तुडवून, त्यांच्यामागें निघून गेले. पैसा देऊन कुत्रा मिळतो, त्याचा जीव मिळत नाहीं, हें दोन हजार वर्षांपूर्वींही लोकांस ठाऊक होतें.

येथें कुत्र्यांतील भेद ध्यानांत घ्यावा. मुधोळ किंवा कारवानी कुत्रा शिकारी. पळणारें सावज दृष्टीनें हेरून धरणें हा त्याचा धर्म. विलायती कोली कुत्रा मेंढ्यांस वळवून हांकणारा. राखणदार कुत्रा या दोहोंहून निराळा. तो मेंढरांस हांकीत नाहीं कीं सावजामागें दूरवर धांवत नाहीं. कळपांत मेंढरासारखा पडून राहतो. परका जीव दिसतांच उठून मध्यें उभा राहतो व भुंकतो. लांडग्यास जिवें मारणें हें त्याचें मुख्य काम नव्हे. जखमी झालेला लांडगा उपाशी मरतो, म्हणून जेथें झुंज द्यावी लागेल तेथून तो बहुधा माघार घेतो. या कुत्र्याच्या अंगीं तीन गुण लागतात : कळपाजवळ राहणें, कळपास इजा न करणें, व कळपासाठीं उभें राहणें. पहिले दोन नसतील तर तिसरा फुकट होय.

हे गुण येतात कोठून? रक्ताचा वांटा कांहीं आहेच. तुर्कस्तानचा कंगाल, इटलीचा मारेम्मा, हिमालयांतील गद्दी मेंढपाळांचे कुत्रे यांची निवड पिढ्यानपिढ्या याच कामासाठीं झाली. परंतु अमेरिकेंतील नव्हाहो लोक साध्या गावठी, मिश्र कुत्र्यांकडूनही मेंढ्याबकऱ्या उत्तम राखून घेत, असें पाहणाऱ्यांनीं लिहिलें आहे. स्कॉट व फुलर या शास्त्रज्ञांनीं 1965 सालच्या ग्रंथांत दाखविलें कीं, पिलाच्या वयाच्या सुमारें तिसऱ्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंत जो सहवास घडतो, तो त्यास जन्मभर आपला वाटतो. चार्ल्स डार्विन यानें 1833 सालीं दक्षिण अमेरिकेंत उरुग्वे देशांत हीच रीत पाहिली. तेथें पिलूं लहानपणींच आईपासून तोडून मेंढीस पाजावयास लावीत, वाड्यांतच लोंकरीचें अंथरूण करून देत, आणि घरचीं मुलें व इतर कुत्रे यांत त्यास मिसळूं देत नसत. असा कुत्रा एकटा, घरापासून कोसांवर, कळप राखी. आम्हीं नेमकें याच्या उलट केलें होतें.

ज्यास असा कुत्रा तयार करावयाचा असेल, त्यानें कामकरी आईबापांचें सातआठ आठवड्यांचें पिलूं घ्यावें व पहिल्या दिवसापासून बकऱ्यांच्या वाड्यांत ठेवावें. मारक्या बकरीपासून बचावासाठीं आडोसा असावा. अन्न तेथेंच द्यावें. माणसाच्या हातास तें सरावलेलें असावें, परंतु घरीं आणून लाड करूं नयेत. वर्षसवा वर्षाचें होईपर्यंत तें खेळांत करडांचे कान ओढतें. तेव्हां लागलीच दटावावें. दोन वर्षांपूर्वीं पुरता भरंवसा टाकूं नये. बिबटापुढें कुत्राही भक्ष्य आहे, म्हणून रात्रीं वाडा पक्का बंद असावा.

तीन महिन्यांचा होतांच पिसाळरोगाची लस टोंचावी व पुढें पशुवैद्य सांगेल तशी टोंचीत जावी. मेलेल्या मेंढराचें कच्चें काळीज किंवा फुप्फुस त्यास घालूं नये. त्यांतील गाठींमुळें कुत्र्याच्या पोटांत पट्टकृमि होतात, व त्यांचीं अंडीं मेंढरांस तशींच माणसांसही बाधतात.

आतां धनगराच्या कुत्र्याविषयीं. शेतांत कळप बसला असतां मालकानेंही अंधारांत एकदम कळपांत शिरूं नये. दुरून हांक देऊन धनगरास पुढें बोलवावें. कुत्रा भुंकला तर धोंडा मारूं नये, पळूंही नये, उभें राहावें. त्याच्या दृष्टीनें आपण परके आहों, व शेताचा सातबारा त्यास वाचतां येत नाहीं. मेलेल्या जनावरांत विष भरून ठेवण्याची दुष्ट चाल कोठें असेल तर ती सोडावी. त्यानें प्रथम हेच कुत्रे मरतात. शिवाय लांडगा व बिबट यांस मारणें हा 1972 च्या वन्यजीव कायद्यान्वयें गुन्हा आहे. जनावर मारलें गेल्यास तें न हालवितां लागलीच वनखात्यास वर्दी द्यावी व पंचनामा करून भरपाई मागावी.

आमच्या त्या कुत्र्यास आम्हीं पुनः शेतावर पाठविलें नाहीं. तो आमची ओसरी राखतो, व तें काम चोख करतो. त्याच धनगरानें दिलेलें दुसरें पिलूं आम्हीं बकऱ्यांतच वाढविलें. आज तो कुत्रा घराची वाटही ओळखत नाहीं, आणि त्यापासून बकऱ्या शाबूत आहेत.