नगरचा बाजार पायांसाठीच मांडलेला

माळीवाडा बसस्थानकावर एसटीतून उतरून वेशीतून आत शिरले की नगर शहराचे माप बदलते. पंचपीर चावडी, माणिक चौक, भिंगारवाला चौक, तेलीखुंट ही नावे काही मिनिटांच्या अंतराने येत राहतात आणि त्यांच्या आजूबाजूला कापड बाजार, सराफ बाजार, मोची गल्ली, गंज बाजार, दाळमंडई, आडते बाजार एकमेकांना खेटून उभे आहेत. पाथर्डी-शेवगावकडून लग्नाचा बस्ता बांधायला आलेले कुटुंब साड्या, दागिने, भांडी आणि किराणा अशी सगळी खरेदी उरकून संध्याकाळच्या गाडीने परत जाते, ते याच दाटीमुळे. या बाजाराबद्दलची पहिली तक्रार गर्दीची असते. खरे तर गर्दी हे त्याचे भांडवल आहे. अडचण होते ती गर्दीत घुसणाऱ्या वाहनांची.

ही दाटी अपघाताने आलेली नाही. मलिक अहमद निजामशहाने १४९० मध्ये बहमनी फौजेवर मिळवलेल्या विजयानंतर सीना नदीकाठी शहर वसवले आणि पुढे हुसेन निजामशहाच्या काळात त्याभोवती तट उभा राहिला. तटाच्या आत जागा मोजकी, पाणी खापरी नळांनी आणलेले; चौपाटी कारंजा, लक्ष्मी कारंजा या नावांत त्या व्यवस्थेची खूण उरली आहे. पाण्याजवळ वस्ती आणि वस्तीजवळ पेठ, असा हा मामला. एकोणिसाव्या शतकात नगर हातमागाच्या लुगड्यांसाठी नावाजले होते आणि तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांचा त्यात मोठा वाटा होता. १८७८ मध्ये दौंड-मनमाड रेल्वे सुरू झाली, पण स्टेशन गावापासून लांब पडले, त्यामुळे किरकोळ व्यापार वेशीच्या आतच राहिला. धान्याचा मोठा घाऊक व्यवहार नंतर मार्केट यार्डात गेला, तरी आडते बाजाराचा राबता संपला नाही. म्हणजे माल हलला, माग थंडावले, तट पडला. गल्ल्यांची मांडणी मात्र टिकली, कारण ती माणसाच्या चालण्याला सोयीची होती.

याचा सर्वांत ठळक पुरावा सणांत दिसतो. अनंत चतुर्दशीची मिरवणूक दाळमंडई, तेलीखुंट, कापड बाजार, नवी पेठ, चितळे रस्ता असे करत दिल्ली दरवाजाकडे जाते. मोहरमची मिरवणूकही दाळमंडई, तेलीखुंट आणि कापड बाजारातूनच निघते. एरवी दोन मोटारी समोरासमोर आल्या की तुंबणारे हेच रस्ते त्या दिवशी हजारोंना सामावून घेतात. रुंदी तीच असते, फक्त चाके नसतात.

मग ही चाके एरवीही बाहेर का ठेवू नयेत? त्यावर व्यापाऱ्यांचा आक्षेप असा की गाडी दुकानासमोर लागली नाही तर गिऱ्हाईक सावेडी उपनगरात जाईल. भीती खोटी नाही, सावेडीचे रस्ते रुंद आहेत. पण गाडी लावण्याच्या स्पर्धेत कापड बाजार सावेडीला कधीच हरवू शकणार नाही. त्यासाठी दुकानेच पाडावी लागतील. एका फेरीत दहा दुकाने पालथी घालून भाव पाडून घेण्याची मुभा सावेडीत नाही, आणि बाजाराचा जोर तिथेच आहे. माल उतरवायचा कसा, हा दुसरा प्रश्न. दिल्लीच्या चांदणी चौकात २०२१ पासून सकाळी नऊ ते रात्री नऊ मोटार वाहनांना बंदी आहे आणि मालाची ने-आण त्या वेळेबाहेर होते. तिथेही नियम मोडणारे आहेतच, पण व्यापार बुडालेला नाही. पुण्याने लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिन सुरू केला, तोही भर बाजारपेठेत. वृद्धांची आणि आजाऱ्यांची सोय हा आक्षेप मात्र मनापासून ऐकावा असा आहे. त्यांच्यासाठी वेशीपासून आत फिरणाऱ्या मोजक्या रिक्षांना परवानगी ठेवता येईल. रुग्णवाहिकेला आज जो रस्ता मिळत नाही, तो तर मोकळाच होईल.

उरतात हातगाड्या आणि पथारीवाले. त्यांच्यावरून दुकानदारांशी होणारे तंटे नगरला नवे नाहीत. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने सर्वेक्षण, विक्रीच्या जागा आणि विक्रेत्यांचे प्रतिनिधी असलेली समिती असा मार्ग आखून दिला आहे. नुसती हटाव मोहीम हा त्या कायद्याचा आत्मा नव्हे. पथारीला जेवढी जागा लागते, साधारण तेवढीच दुकानासमोर दिवसभर उभी राहणारी दुचाकी अडवते, आणि तिच्यामुळे विक्री एका रुपयाचीही होत नाही. वाहनबंदीची सुरुवात भिंगारवाला चौक ते तेलीखुंट एवढ्याच पट्ट्यावर, दिवाळीच्या पंधरवड्यात करून पाहता येईल. त्याआधी वेशीबाहेर वाहनतळाची जागा शोधावी लागेल आणि ते काम महापालिकेचे आहे, व्यापाऱ्यांच्या माथी मारण्याचे नाही.