कॅनडा ली : एका मुष्टियोद्ध्याचा नकार

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या साहित्याशी आपला परिचय जुना आहे. १९७२ साली दलित पँथरने आपले नाव ब्लॅक पँथरवरून घेतले, हेही सर्वांना ठाऊक आहे. त्या समाजातील नटांकडे मात्र आपले लक्ष फारसे गेले नाही. लेखक आपले शब्द स्वतः निवडतो. नटाला दुसऱ्याने लिहिलेले शब्द उच्चारावे लागतात. म्हणून नटाचा नकार अधिक अवघड. या दृष्टीने कॅनडा ली या नटाचे आयुष्य तपासण्यासारखे आहे.

त्याचे मूळ नाव लायोनेल कॉर्नेलियस कॅनेगाटा. जन्म न्यूयॉर्कमध्ये, ३ मार्च १९०७ रोजी. कॅरिबियन बेटांवरून आलेल्या घराण्यातला हा मुलगा आधी व्हायोलिन शिकला, मग घरातून पळून जाऊन शर्यतीच्या घोड्यांवरचा जॉकी झाला, आणि वजन वाढल्यावर मुष्टियुद्धाकडे वळला. रिंगणातल्या निवेदकाला त्याचे नाव नीट उच्चारता आले नाही. त्याने 'कॅनडा ली' असे पुकारले आणि तेच कायम झाले. १९२६ पासून तो व्यावसायिक मुष्टियोद्धा होता. पुढे ठोसा बसून एका डोळ्याचे दृष्टिपटल सुटले, दृष्टी गेली आणि १९३३ मध्ये रिंगणही सुटले. कमावलेला पैसा हाती उरला नव्हता.

१९३४ मध्ये हार्लेममध्ये काम शोधत फिरताना तो एका नाटकाच्या निवडचाचणीत जाऊन पोहोचला. त्या मंदीच्या काळात बेकार कलावंतांसाठी सरकारने 'फेडरल थिएटर' ही योजना काढली. तिच्यातर्फे वीस वर्षांच्या ऑर्सन वेल्सने १९३६ मध्ये कृष्णवर्णीय नटसंचात 'मॅक्बेथ' बसवले. त्यात ली बँको झाला. १९४१ मध्ये रिचर्ड राइटच्या 'नेटिव्ह सन'च्या नाट्यरूपात त्याने बिगर थॉमस उभा केला आणि त्याचे नाव झाले.

हिचकॉकच्या 'लाइफबोट' (१९४४) चित्रपटात बुडालेल्या जहाजातून वाचलेली माणसे एका नावेत आहेत. त्यांतला एकमेव काळा माणूस म्हणजे जो हा कारभारी. लिहून आलेल्या संवादांत 'येस सर'ची लाचार पेरणी होती. लीने ती काढून टाकली. नावेत सर्वांचे मत घेतले जाते, तेव्हा मलाही मत आहे का, असे जो विचारतो. जर्मन माणसावर बाकीचे सारे तुटून पडतात, तेव्हा तो त्या झुंडीत सामील होत नाही. झुंडीने माणूस मारणे म्हणजे काय, हे त्याच्या समाजाला वेगळे सांगावे लागत नव्हते.

'येस सर' गाळण्यात एवढे काय, असे वर्गात मला विचारले जाते. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. आमच्या पूर्वजांनी गावात 'जोहार' घालणे बंद केले, तेव्हा काय काय सोसावे लागले, हे मी आज्याकडून ऐकले आहे. एक शब्द न उच्चारण्याची किंमत किती असते, हे आपल्या वस्तीला पुस्तकातून शिकावे लागत नाही.

'बॉडी अँड सोल' (१९४७) या चित्रपटात तो पुन्हा रिंगणात दिसतो. बेन चॅपलिन या विजेत्याच्या डोक्यात रक्ताची गुठळी आहे, तरी त्याला लढायला उभे केले जाते. समोरचा सांभाळून खेळेल, असे ठरलेले असते; समोरच्याला ते सांगितलेलेच नसते. ठोसे शरीरावर बसतात आणि पैसा सावलीत बसणाऱ्याच्या खिशात जातो. ज्याचा डोळाच रिंगणात गेला, त्याला हे समजून घेण्यासाठी अभ्यासाची गरज नव्हती.

वर्णद्वेषाविरुद्ध तो जाहीरपणे बोलत असे. १९४९ मध्ये एका हेरगिरीच्या खटल्यात पुढे आलेल्या गुप्तपोलिसांच्या कागदांत त्याचे नाव निघाले. आपण कम्युनिस्ट नाही, असे त्याने सांगितले. तरी रेडिओ आणि दूरचित्रवाणीची दारे बंद झाली. शेवटची मोठी भूमिका 'क्राय, द बिलव्हेड कंट्री'मधील पाद्री कुमालोची. चित्रीकरण वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेत झाले. तिथे प्रवेश मिळावा म्हणून दिग्दर्शक झोल्तान कोर्डा याने ली आणि सिडनी पॉइटिये हे आपले करारबद्ध नोकर असल्याचे सांगितले. पडद्यावर नोकराची भाषा नाकारणाऱ्याला कागदावर नोकर व्हावे लागले.

९ मे १९५२ रोजी, पंचेचाळिसाव्या वर्षी तो गेला. 'बॉडी अँड सोल'चा नायक जॉन गारफील्ड हाही काळ्या यादीचा बळी. तो बारा दिवसांनी गेला.

पडद्यावर आपला माणूस दिसला की आपण आनंदतो. तो आनंद रास्तच आहे. मात्र त्याच्या तोंडी कोणते शब्द दिले आहेत, हेही आपण विचारले पाहिजे. लीने ते १९४४ मध्ये विचारले होते.