अकरा वाजता छातीत काय होतं?

दहावीचा पेपर. प्रश्नपत्रिका हातात पडायला पाच मिनिटं आहेत. मुलगी बाकावर शांत बसलेली दिसते, पण तिचं हृदय पळत आल्यासारखं धडधडतंय. तळहात गार, तोंडाला कोरड, पोटात गोळा. बसलेल्या माणसाचं रक्त एवढ्या घाईने निघालंय कुठे?

निघालंय पायांकडे. दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर एकेक ॲड्रिनल ग्रंथी असते, वजन जेमतेम चार-पाच ग्रॅम. मेंदूने धोक्याची वर्दी दिली की या ग्रंथी ॲड्रिनालीन सोडतात आणि क्षणात सगळ्या शरीराचा कारभार बदलतो. कातडीतलं रक्त मोठ्या स्नायूंकडे वळतं, म्हणून हात गार पडतात. पचन थांबतं, म्हणून सकाळची भाकरी घशाखाली उतरत नाही. २०२०च्या नोव्हेंबर-डिसेंबरात बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यात नरभक्षक बिबट्याची दहशत होती. तेव्हा रानात पाणी द्यायला जाणाऱ्यांच्या अंगात जे होत होतं, तेच बीजगणिताच्या पेपराला होतं. बिबट्यासाठी वेगळी आणि बीजगणितासाठी वेगळी अशी दोन यंत्रं आपल्याला मिळालेलीच नाहीत. ही धडधड म्हणजे भित्रेपणा नव्हे. शरीर आपल्या बाजूने लढायला उभं राहिलेलं असतं, हे प्रत्येक मुलाला कुणीतरी सांगायलाच हवं.

खरी अचंब्याची गोष्ट पुढे आहे. त्याच ग्रंथींतून थोड्या वेळाने कॉर्टिसॉल हे दुसरं संप्रेरक पाझरू लागतं. रक्तातून ते मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसपर्यंत, म्हणजे आठवणींच्या मुख्य ठाण्यापर्यंत पोचतं. डॉमिनिक द क्वेर्व्हे आणि सहकाऱ्यांनी २००० साली दाखवलं, की अशा संप्रेरकाची गोळी आठवण्याच्या तासभर आधी दिली तर आदल्या दिवशी पाठ केलेले शब्द कमी आठवतात. पाठ करण्याआधी दिली तर तसा फटका बसत नाही. म्हणजे पाठ केलेलं पुसलं जात नाही, तिथवर जायची वाट तेवढी अडते. ‘पाटी कोरी झाली’ असं रडत बाहेर आलेल्या मुलाला शाळेच्या फाटकाशीच उत्तर आठवतं, ते यामुळेच.

ही वाट आधीच पक्की करून ठेवता येते का? अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठात २०१६ साली १२० जणांवर प्रयोग झाला. काहींनी शब्द आणि चित्रं पुन्हा पुन्हा पाहिली. काहींनी एकदा पाहून मग न बघता आठवायचा सराव केला. दुसऱ्या दिवशी परीक्षकांसमोर भाषण आणि तोंडी गणितं देऊन दोन्ही गटांतल्या निम्म्यांना घाम फोडला. त्यांतल्या नुसतं पुन्हा पाहणाऱ्यांची आठवण ढासळली. आठवून सराव करणाऱ्यांची टिकली, ताण असूनही.

हे वाचलं आणि मला आपल्या गावागावांतला संध्याकाळचा हरिपाठ दिसू लागला. दहा वर्षांचं पोर टाळ वाजवत, पावली खेळत, पुस्तकात न बघता एकामागून एक अभंग म्हणतं. सप्ताहात हजार माणसं समोर असली तरी अडखळत नाही. त्याच पोराला विज्ञानाचा धडा मात्र आपण दहा वेळा ‘वाचायला’ लावतो! वही मिटून धडा कुणाला तरी सांगून बघितला, तर हीच किमया तिथेही होते.

बीड जिल्ह्यात मात्र ‘कुणाला तरी’ हाच अवघड शब्द आहे. साखर कारखान्यांचा पट्टा पडतो, म्हणजे हंगाम संपतो, मार्च-एप्रिलमध्ये, आणि दहावीची परीक्षा त्याआधीच येते. २०२५मध्ये तर ती २१ फेब्रुवारीलाच सुरू झाली. उचल घेऊन ऊसतोडीला गेलेले आई-बाप त्या वेळी पश्चिम महाराष्ट्रात, नाहीतर कर्नाटकात फडात असतात. घरी आजी, धाकटी भावंडं, आणि चूल सांभाळून अभ्यास करणारी पोरगी. निकाल लागल्यावर अकरावी की लग्न, हा प्रश्नही तिच्याच उशाशी. राज्यात बालविवाह सर्वांत जास्त होणाऱ्या जिल्ह्यांत आपला जिल्हा आहे. हा ताण श्वासाच्या व्यायामाने जाणारा नाही. त्याला मुक्कामाची जागा आणि पाठीशी मोठं माणूस लागतं. शिरूर कासार तालुक्यातल्या आर्वीत दीपक आणि कावेरी नागरगोजे यांनी उभं केलेलं शांतिवन, किंवा ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी २०२१ साली ठरलेली संत भगवानबाबा वसतिगृहं, यांच्याकडे मी परीक्षेची तयारी म्हणूनच बघतो.

तरी अकरा वाजता बाकावर ती एकटीच असते, आणि तेवढ्यापुरतं एक साधन तिच्या अंगातच आहे. मनगटाच्या नाडीवर बोट ठेवून सावकाश श्वास घ्या आणि त्याहून सावकाश सोडा. सोडताना ठोके मंदावतात, आणि ते बोटाला चक्क कळतं! व्हेगस नावाची लांबलचक नस मेंदूतून हृदयापर्यंत येते आणि प्रत्येक उच्छ्वासाला त्याचा लगाम खेचते. दुसरं साधन कागदाचं. शिकागोत २०११ साली केलेल्या प्रयोगांत नववीच्या मुलांना परीक्षेआधी दहा मिनिटं मनातली भीती लिहून काढायला सांगितलं. सर्वांत जास्त घाबरणाऱ्यांचे गुण वाढले. काळजी डोक्यात जी जागा अडवून बसते, ती लिहिल्याने मोकळी होत असावी. आईचा फोन लागत नसेल त्या रात्री रफ वहीचं मागचं पान आहेच. आणि वहीनेही भागत नसेल, झोप उडाली असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर टेली-मानसचा १४४१६ हा फुकट क्रमांक दिवसरात्र चालू असतो, मराठीतूनही बोलता येतं.

आणखी एक गोष्ट परीक्षेआधीच घराघरांत माहीत असावी. २०१५पासून दहावीत नापास झालेल्यांची पुरवणी परीक्षा त्याच वर्षी, जून-जुलैच्या सुमारास होते. एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर अकरावीत प्रवेश मिळू शकतो. तोवर पट्टा पडून आई-बाप गावी परतलेले असतात.