गवतातला गवत्या

सख्यांनो, श्रावण-भादव्यात बांधावरचं गवत कमरेला लागतं. विळा घेऊन बसलं, की पायाजवळून हिरवं काहीतरी सळसळत जातं. एकीनं "साप!" म्हणायचा अवकाश, दुसरीच्या हातात दगड तयार. पाचोडच्या मोसंबीच्या बागा काय अन् गायरान काय, असा फुकट मरणाऱ्यांत गवत्याही असतो.

गवत्या साधारण दोन फुटांचा. अंग हिरवंगार, त्यावर काळे ठिपके, डोळे मोठे. पिल्लाच्या मानेवर बाणाच्या टोकासारखी काळी खूण, तिच्यालगत पिवळा रंग. छेडलं की तो मान चपटी करतो, मग लोक त्याला नागाचं पिल्लू समजून ठेचतात. खरं तर तो बिनविषारी सापांत मोडतो. बेडूक हे त्याचं मुख्य खाणं. धामणीसारखा उंदीर खाऊन धान्य वाचवतो असं काही याच्याबद्दल सांगता येत नाही; उगाच खोटं कशाला? पण मुंगूस, मोर यांच्या पोटाला असेच छोटे साप लागतात. अन् साप मारणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हाच आहे. नागपंचमीला आपण चिरत-कापत नाही, जमीन उकरत नाही. उन्हाळ्यात बांध पेटवताना मात्र आत कोण दडलंय हे कुणी बघत नाही.

आता हे नीट वाचा. हिरवा दिसला म्हणून हात लावायचा नाही. मुरमाड रानात, दगडाखाली फुरसं असतं. तेही फूट-दीड फुटाचंच, पण मातीच्या रंगाचं, पाठीवर पांढुरकी नागमोडी रेघ. डिवचलं की वेटोळं घालून अंगाला अंग घासतं, करकर आवाज येतो. हे विषारी, माणूस दगावतो. साप कुठलाही चावो, आवळून बांधू नका, चिरू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. चावलेला हात-पाय हलू न देता, १०८ ला फोन करून सरकारी दवाखाना गाठा. तिथली लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर चालते.

गवत कापण्याआधी काठी आपटा. एका कडेनं कापत जा, म्हणजे सापाला दुसरीकडून निघून जाता येतं. बांधाचा एक पट्टा तसाच राहू द्या, पेटवू नका. आणि बूट! घरात गमबूट येतात ते धन्याच्या मापाचे. खुरपायला, गवताला जाणारी बाई चपलेवर. पुढच्या बैठकीत आपल्या मापाच्या बुटांसाठी अंतर्गत कर्जाचा विषय घ्या. घरात साप निघाला तर वन विभागाचा नंबर १९२६. तो गटाच्या रजिस्टरच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवा.