पाण्यावरचा दिवा: एलईडीचा ड्रायव्हर घरी कसा बांधावा

आज आपण फिशटँकवरच्या एलईडी दिव्याचा ड्रायव्हर घरी कसा करायचा ते बघणार आहोत. मात्र ड्रायव्हर घरी करायचा म्हणजे नेमका कुठला भाग घरी करायचा आणि कुठला अजिबात करायचा नाही, हे आधी ठरवू. सर्किट अवघड नाही, तीन-चार वस्तूंचं काम आहे. पण खाली पाणी आहे आणि त्या पाण्यात आपला ओला हात जाणार आहे.

पहिला प्रश्न: ड्रायव्हर लागतोच कशाला? जुन्या पिवळ्या बल्बला ठरलेला व्होल्टेज दिला की काम संपायचं. एलईडीचं तसं नाही. पांढरा एक वॉटचा एलईडी साधारण ३.२ व्होल्टला नीट चालतो. तिथून व्होल्टेज नुसता दोन दशांशाने वाढवला, तर करंट दीडपटीच्या आसपास जाऊ शकतो. बरं, एकाच पाकिटातले दोन एलईडीसुद्धा सारखे नसतात. एकाला ३.१ लागतात, दुसऱ्याला ३.३. शिवाय एलईडी तापला की त्याला लागणारा व्होल्टेज कमी होतो. म्हणजे आपण व्होल्टेज पक्का धरून ठेवला, तर दिवा तापतो, करंट वाढतो, म्हणून आणखी तापतो, आणि हे चक्र दिवा जळेपर्यंत चालू राहू शकतं. म्हणून एलईडीला बांधायचा तो करंट. व्होल्टेज त्याचा तो ठरवतो. करंट बांधून ठेवणाऱ्या सर्किटला आपण ड्रायव्हर म्हणतो.

यासाठी एलएम३१७ नावाची आयसी पुरते. १९७० च्या दशकापासून वापरात आहे, इलेक्ट्रॉनिक्सच्या कुठल्याही दुकानात सहज मिळते. तिला तीन पाय. अक्षरं आपल्याकडे करून धरली तर डावीकडून अ‍ॅडजस्ट, आउटपुट, इनपुट. ही आयसी आउटपुट आणि अ‍ॅडजस्ट यांच्यात कायम १.२५ व्होल्ट राखते. या दोन पायांमध्ये एक रेझिस्टर लावला, की त्यातून ठरावीकच करंट वाहणार: १.२५ भागिले रेझिस्टरचे ओहम. रेझिस्टरचं अ‍ॅडजस्टकडचं टोक एलईडीच्या माळेच्या प्लसला जोडायचं, माळेचा मायनस अ‍ॅडॉप्टरच्या मायनसला, आणि अ‍ॅडॉप्टरचा प्लस इनपुटला. झाला ड्रायव्हर.

आता आकडे घालून बघू. समजा, जुन्या लॅपटॉपचा १९ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर घरात पडून आहे. एक वॉटचे चार एलईडी सिरीजमध्ये घेतले, तर त्यांना १२.८ व्होल्ट लागतील. त्यात रेझिस्टरचे १.२५ आणि आयसीला स्वतःला लागणारे दोन-अडीच मिळवा. साडेसोळाच्या आसपास झाले. १९ मध्ये बसले. पाच एलईडी मात्र बसत नाहीत. आणि १२ व्होल्टच्या अ‍ॅडॉप्टरवर तीनही बसत नाहीत, दोनच बसतात. तीन लावून दिवा मंद लागला, तर आयसी खराब निघाली असं समजू नका.

रेझिस्टर ४.७ ओहमचा घेतला तर करंट २६६ मिलिअँपियर. एक वॉटचा एलईडी ३५० मिलिअँपियरसाठी असतो, म्हणजे आपण त्याला जरा आरामात चालवतोय, आणि त्याने तो टिकतो. रेझिस्टरवर पाव वॉटपेक्षा जास्त उष्णता होते, म्हणून तो एक वॉटचा घ्यायचा. आयसीवर १.३ वॉट. तिला छोटा हीटसिंक हवाच. एक लक्षात ठेवा: आयसीचा धातूचा कान आतून आउटपुटला जोडलेला असतो. एलईडी आणि आयसी एकाच अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवर बसवणार असाल, तर मध्ये अभ्रकाचा तुकडा आणि प्लॅस्टिकचा बुश घाला.

मोठ्या टाकीला दोन-तीन माळा लागतात. त्या एकाच एलएम३१७ वर पॅरललमध्ये टांगू नका. जिला कमी व्होल्टेज लागतो ती माळ जास्त करंट ओढून घेते. प्रत्येक माळेला वेगळी आयसी द्या. जास्त वॉट हवे असतील, तर पीटी४११५ सारखी बक आयसी बरी. तिथे ०.१ भागिले रेझिस्टर असं गणित असतं, ०.३३ ओहमला साधारण ३०० मिलिअँपियर. उष्णता खूप कमी होते, पण कॉइल आणि डायोड लागतात.

इथे श्रोत्यांमधून एक प्रश्न आलाय: “बंद पडलेल्या एलईडी बल्बमधलं सर्किट काढून वापरलं तर? फुकटच होईल ना.” आजच्या व्याख्यानातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, आणि उत्तर आहे, नाही. स्वस्त बल्बातल्या बहुतेक सर्किटांमध्ये ट्रान्सफॉर्मर नसतो. मेन लाईन आणि एलईडी यांचा थेट संबंध असतो. मल्टिमीटर लावलात, तर दोन वायरींमध्ये कदाचित १२ व्होल्टच दिसतील. पण त्यातली एक वायर आणि जमीन यांच्यात २३० असू शकतात. गच्चीच्या कठड्याला लागून स्टूल ठेवलंय असं समजा. स्टुलाची उंची दीड फूटच, पण बाहेरच्या बाजूला पडलात तर चार मजले. लो व्होल्टेज हा आकडा एकटा तुम्हाला वाचवत नाही. मेनपासून पूर्ण सुटका वाचवते.

म्हणून सीमा अशी आखा: २३० पासून १९ किंवा १२ पर्यंतचं काम कारखान्यात बनलेल्या, बीआयएस नोंदणीचं चिन्ह असलेल्या अ‍ॅडॉप्टरचं. तो उघडायचा नाही. त्याच्यापुढचं सगळं आपलं. अ‍ॅडॉप्टर टाकीच्या झाकणावर नको, भिंतीपाशी उंचावर ठेवा. वायर सॉकेटच्या खाली झोल देऊन मग वर न्या, म्हणजे ओघळलेलं पाणी झोलाच्या तळाशी ठिबकेल, सॉकेटात शिरणार नाही. घरात ३० मिलिअँपियरची आरसीसीबी नसेल, तर दिव्याआधी ती बसवून घ्या. पंप आणि हीटर तर मेनवरच चालतात.

शेवटी, जोडणी झाली की लगेच टाकीवर ठेवू नका. कोरड्या टेबलावर, माळेच्या सिरीजमध्ये मल्टिमीटर १० अँपियरच्या रेंजवर लावून करंट मोजा. अर्धा तास चालू ठेवून पुन्हा मोजा. आकडा तोच राहिला, तर ड्रायव्हर जमला. मग सोल्डरच्या जागांवर सिलिकॉन किंवा वॉर्निशचा थर द्या, कारण झाकणाखाली सतत वाफ धरते. टायमर लावून दिवसाला सात-आठ तास पुरे. जास्त उजेडाने वनस्पतींआधी शेवाळ वाढतं. आणि टाकीत हात घालण्याआधी पंप, हीटर आणि दिवा, सगळ्यांचे प्लग काढा. दिवा १२ व्होल्टचा असला तरी काढा.