दोन समुद्रांना पाणी देणारं सिल्लोड

पैठणला गोदावरी आहे. भोकरदन छोटं गाव, पण त्यालाही केळणेचा काठ आहे. सिल्लोडला काय आहे असं विचारलं, तर माणूस आधी मिरचीचं नाव घेतो, मग मक्याचं, मग कापसाचं. नदीचं नाव सुचायला जरा वेळ लागतो. घाट, घाटावर देऊळ, देवळापुढे जत्रा हा ठरलेला साचा इथे बसत नाही. तरी हे गाव नद्यांनीच घडवलंय, असं मी म्हणेन.

अजिंठ्याचा डोंगर घराच्या आढ्यासारखा आडवा पडलेला आहे. उत्तरेच्या पाख्यावरचं पाणी वाघूर नेते, ती तापीला मिळते आणि ते पाणी अरबी समुद्राला जातं. दक्षिणेच्या पाख्यावरचं पाणी खेळणा आणि तिच्या भावंडांमार्फत पूर्णेत, पूर्णेतून गोदावरीत आणि थेट बंगालच्या उपसागरात. सिल्लोड तालुका या आढ्याला लागून आहे. आणि आढ्यावर पाणी कधी थांबतं का?

त्यामुळे इथल्या नद्यांचं नाव झालं ते गाव सोडल्यावर. वाघूर अजिंठा गावाजवळ उगम पावते, डोंगर उतरताना घोड्याच्या नालेसारखं वळण घेते आणि त्याच वळणाच्या कड्यात लेणी कोरली गेली. आज आपण एका सलग पायवाटेने सगळी लेणी पाहतो. पूर्वी लेण्यांमधून नदीकडे स्वतंत्र पायऱ्या उतरत होत्या. भिक्षूंना पाणी हवं होतं, एवढं साधं कारण. १८१९ साली शिकारीला आलेल्या जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याला ही लेणी दिसली आणि जगभर गाजली. आता त्याच वाघूरवर खाली धरण आहे आणि जळगाव शहर ते पाणी पितं.

खेळणेची गोष्ट कमी सांगितली जाते. सिल्लोडकडची खेळणा भोकरदनकडे केळणा होते आणि इंग्रजांच्या कागदांत कैलना. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. तिथल्या दात्यांची नावं सांची आणि भारहुतच्या शिलालेखांत आहेत. पुढे २३ सप्टेंबर १८०३ ला आसईची लढाई झाली ती याच नदीच्या आणि जुईच्या बेचक्यात. शिंदे-भोसल्यांची फौज पलीकडे, आणि वाटाडे सांगत होते की जवळपास उतार नाही. इंग्रज सेनापती वेलस्लीला मात्र दोन्ही काठांवर समोरासमोर वसलेली दोन गावं दिसली. इतकी जवळ गावं आहेत म्हणजे माणसं ये-जा करत असणार, असा त्याने तर्क केला. उतार निघाला, फौज पार झाली आणि मराठे हरले. नकाशाला जे माहीत नव्हतं, ते बैलगाडीच्या वाटेने सांगून टाकलं.

सिल्लोडच्या वाट्याला नदीचा हा वरचा, अरुंद, आठ महिने कोरडा भाग आला. खाली काळा पाषाण. तो पाणी धरून ठेवत नाही. पाणी साठतं ते मुरमात आणि दगडाच्या भेगांत. म्हणून चांगली विहीर सापडते ती बहुधा ओढ्या-नदीच्या कडेला. तिथून पाइपलाइन निघते, दूरच्या शेतात जाते, ठिबकाच्या नळ्यांत शिरते. पालोदचं खेळणा धरण शहराला पाणी पाजतं. मृग लांबला की त्या धरणाचा साठा हा चहाच्या टपरीवरचा पहिला विषय होतो.

आणि इथेच मिरचीचा सगळा जुगार आहे. उन्हाळी मिरची एप्रिल-मेमध्ये लावतात, म्हणजे नदी पार आटलेली असते तेव्हा. मल्चिंगच्या कागदाला भोकं पाडून रोप बसवायचं आणि विहिरीच्या तळाशी उरलेल्या पाण्यावर ते पाऊस येईपर्यंत जगवायचं. विहीर हरली तर टँकर. एवढा आटापिटा कशाला? तर पावसावर लावणाऱ्यांची मिरची यायच्या आधी ही तोड्याला येते आणि लवकरच्या मालाला भाव असतो. तोडणीला बायका जातात. संध्याकाळी त्यांच्या बोटांची आग आग होते, मग कोणी तेल चोळतं, कोणी ताकात हात बुडवतं. तोवर गोण्या पिकअपमध्ये चढलेल्या असतात आणि परराज्यांतल्या व्यापाऱ्यांचा लिलाव चाललेला असतो. भाव पडला तर तोडणीची मजुरीही सुटत नाही. पण पुढच्या एप्रिलमध्ये रोपवाटिकेपुढे पुन्हा गर्दी असतेच.

पाणी वाहून जाणारं, तर माणसाने ते आल्या जागी अडवावं, खोलातून उपसावं आणि त्याचा पैसा लगेच बाजारात मोकळा करावा, अशी ही सिल्लोडची रीत. बाजारही वसला तो घाट चढून येणाऱ्या जळगाव रस्त्यावर, नदीकाठावर नाही.

लेणी पाहायला जाताना बहुतेक गाड्या सिल्लोडला चहापुरत्या थांबतात. जमलं तर पालोदलाही थांबा. एकदा मे महिन्यात, एकदा ऑगस्टमध्ये.